अंदाजे वीस मिनिटं

रविवार, सव्वाअकरा.
ना धड नाश्त्याची वेळ, ना जेवणाची.
नेरूळच्या सेक्टर सहामध्ये
कॅफेबाहेरच्या बाकावर बसलोय, मी आणि शशिकला,
मांडीवर पर्स, पर्सवर हात,
हयातीच्या दाखल्याला बसतो तशा.

आमच्या आधी अकरा नावं.
एक जोडपं, त्यांच्या बाबागाडीत कुत्रा.
चार सायकलवाले, पन्नाशीचे, घट्ट चड्ड्यांतले,
खारघरची टेकडी चढून आल्याचं
सगळ्या फुटपाथला सांगणारे.
शशिकला म्हणते, घरी पोहे एव्हाना खाऊन झाले असते.
मी म्हणते, आणि कढई कोण घासणार?

दाराशी एक मुलगी, हातात टॅब.
"मॅडम, अंदाजे वीस मिनिटं."

अंदाजे.
हा शब्द मी एकतीस वर्षं वापरलाय
सिडको भवनात, खिडकीच्या आतल्या बाजूने.
अंदाजे आठवडा. अंदाजे दिवाळीनंतर.
फाईल वर गेलीय. साहेब रजेवर आहेत.
सोमवारी या.

तिच्या खिशावरच्या पट्टीवर आडनाव: घरत.
सहज विचारलं, कुठली गं तू?
"इथलीच. सारसोळे."
आणि ती कुत्रावाल्यांकडे वळली.

घरत बाळाराम गोमा.
पांढरा सदरा, ओलसर पिशवी,
साडेबारा टक्क्यांतला भूखंड.
आमच्या यादीत त्याचं "घरात" झालं होतं.
त्या एका कान्यापायी तो अकरा वेळा आला.
एकदा केळीच्या पानात निवट्या घेऊन.
मी म्हटलं, असलं काही चालत नाही इथे.
"बाय, मच्छी हाय. पैसं नाय."
बाराव्यांदा त्याचा मुलगा आला.

सारसोळ्यात घरत काही एकच घर नसणार.
मी पुढे विचारलं नाही.
शशिकला म्हणाली, अशी का गप्प?
ऊन लागतंय, म्हटलं.
सावलीत बसून.

"सौदामिनी निमकर, दोन जण!"

अख्खं नाव. शाळेनंतर कुणी घेतलं नसेल असं,
एकही वेलांटी न सांडता.

आत खिडकीजवळची जागा.
शशिकलाने किमती वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला.
आंबूस, चिवट पाव, त्यावर हिरवा लगदा,
त्यावर थरथरणारं अंडं.
सुरी टेकवली तसा बलक बशीभर पळाला
आणि आम्ही दोघी पावाच्या तुकड्यांनी त्याच्या मागे,
हसत, बोटं चाटत.
मीठ कमी होतं. मागितलं,
तर इवल्याशा लाकडी वाटीत आलं जाडं मीठ,
खडा न् खडा वेगळा.
शशिकला म्हणाली, हे आपण पूर्वी पायलीने घ्यायचो ना गं,
इथूनच कुठूनतरी?
मी मान हलवली.
ते "इथूनच" कुठल्या सर्व्हे नंबरात यायचं
ते मला अजून पाठ आहे.

बिलाबरोबर एक छापील कागद.
फॉर्म दिसला की माझा हात आपोआप पेन शोधतो.
चव: चांगली. स्वच्छता: चांगली.
प्रतीक्षा: कमी, योग्य, जास्त.
इथे पेन बराच वेळ थांबलं.
चौकोन तसाच सोडला.

खाली एक रिकामी ओळ,
आमच्याकडे तिला शेरा म्हणतात.
लिहिलं: नाव बरोबर पुकारलं.
सवयीने सही केली, तारीख टाकली,
आणि टेबलावर क्षणभर
शिक्का शोधला.