पोटखराब

एकतीस वर्षं, मलकापुरात,
दुय्यम निबंधकाच्या दारासमोर
जांभळीखाली माझं टेबल आहे.
खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोड
झोपेतही टाईप करीन,
गुरव आरती म्हणतो तसं, अर्थाकडं न बघता.

भादव्यात ठकूबाई झोरे आली.
सोबत ट्रस्टची पोरगी, मगदुमांची संज्योत, गळ्यात भिंग.
ठकूबाई म्हणाली, लिव्हा.
सड्यावर खोदायचं न्हाई.

आजी, म्हटलं, दस्त काहीतरी करण्याचा असतो.
देणं, घेणं, सोडणं.
न करण्याचा दस्त आजवर कुणी मागितला नाही.
मग पयला तुमीच करा की, म्हणाली.

आन् ह्येबी लिव्हा.
माझ्यामागं पोरांनी इकली तर इकू देत.
पर म्हैस इकताना दावं ठिवून घेत्यात न्हवं,
हितं दावंबी जाऊ दे म्हशीसंगं.
घेणाऱ्यानंबी खोदायचं न्हाई.
त्याच्या पोरानंबी.

मी सातबारा उलगडला.
गट नंबर चारशे सतरा.
चार हेक्टर अकरा आर.
लागवडीयोग्य, निरंक.
पोटखराब, सगळं.
आकार, शून्य.

हा शब्द किती हजार वेळा लिहिला असेल मी.
नांगर फिरत नाही ते खराब, बस्स.

चतुःसीमा नीट लिहायच्या म्हणून वर गेलो, पहिल्यांदाच.
पाय टाकायच्या आधी बघा, पोरगी ओरडली,
तर मी चपलाच हातात घेतल्या.
काळा कातळ. ओंजळभर खळग्यांत पाणी.
पाण्याकडेला सीतेची आसवं, निळी,
शेंगदाण्याच्या फोलकटाएवढी,
आणि गेंद इतके पांढरे
की कातळाला मीठ फुटलंय वाटावं.
एक तांबडं चिकट रोप माशी खात होतं, सावकाश,
आमच्या कचेरीत डबा खातात तसं.
एक बेडूक, माझ्या शिक्क्यापेक्षा लहान.

ठकूबाई कातळावर बसकण मारून म्हणाली,
ह्यो चार म्हयनं पितोय
आन् मार्गशीर्षापतोर मुततोय. 
खाली कडवीकडं जाणारा ओघळ दाखवला.
मी लिहून घेतलं: पूर्वेस ओघळ.
पश्चिमेस कडा. कड्यापलीकडं धुकं,
ते कुठल्या गटात येतं, विचारलं नाही.

खाणवाला माणूस दोनदा येऊन गेला होता.
एकरी आकडा त्यानं पोरांच्या मोबाईलवर धाडलेला.
थोरला शिरोलीच्या फौंड्रीत. त्यानं संमतीची सही केली.
धाकटा इचलकरंजीत, लूमवर.
नोंदणीच्या दिवशी आला,
चहाच्या गाड्याशी उभा राहिला,
आत आला नाही.

आत संगणक दस्ताचा प्रकार विचारत होता.
साहेबांनी यादी खाली सरकवली, वर सरकवली,
शेवटी 'इतर'वर बोट ठेवलं.
मशीननं ठकूबाईचा अंगठा तीनदा नाकारला.
रेषाच उरल्या नव्हत्या.
चौथ्यांदा तिनं तो लुगड्याला घासला
आणि मशीनलाच म्हणाली, बघ आता.

कागद किती कच्चा असतो, मला ठाऊक आहे.
कुठला शब्द कुठून उसवतो
हे पैसे घेऊन मीच शिकवलंय कैकांना.
म्हणून त्या मसुद्यातला एकेक 'किंवा'
रात्री दोन वाजेपर्यंत ओढून बघितला,
गोधडीचा टाका बघावा तसा.

तलाठ्यानं चावडीवर नोटीस डकवली आहे.
हरकतीला पंधरा दिवस.
आज अकरावा.
धाकटा सकाळपासून पुन्हा त्या गाड्याशी आहे.
तिसरा चहा.

मी दुसऱ्याच कुणाचं खरेदीखत करतोय.
हल्ली त्या रकान्यापाशी आलो की
पक्षकाराला विचारतो, तिथं उगवतं काय?
हसतात.
आजचा म्हणाला, काय न्हाई, खराबच हाय.
मग पेन खिशाला लावता लावता थांबला.
करवंदं हैत, म्हणाला. लई.