एक इंच

पाटीवर आईचं नाव आहे. तबीथा युनिफॉर्म्स, नाना पेठ.
नवं गिऱ्हाईक विचारतं, तबल्यांचं दुकान का?
नाही हो, शिवणाचं.
त्या नावाची पहिली बाई यापोत कपडे शिवायची,
ती गेली तेव्हा विधवा तिने शिवलेले अंगरखे
एकमेकींना दाखवत रडल्या,
एवढं काउंटरवर सांगायला
मे महिन्यात वेळ कुणाला असतो.

चार मशिनं, सात बाया,
आणि रविवारी खाली ओढलेलं शटर.
सीझनमध्ये कोण बंद ठेवतं, मॅडम?
मी ठेवते.
चुकलेही आहे. एकदा भर उपदेशात
मांडीवर मोबाईल ठेवून
बेल्टांचा भाव ठरवला होता.

त्या वर्षी दोनशे बारा पँटा
एक इंच आखूड कापल्या गेल्या.
टेपचा पहिला इंच कधीचाच तुटला होता,
आम्ही तुटल्या टोकालाच शून्य धरत होतो.
इंदुबाई म्हणाली, पोरं वाढतातच की,
दिवाळीपर्यंत सगळ्यांच्याच आखूड होतात.
खोटं नव्हतं तिचं.
तेच तर अवघड होतं.

रात्री प्रार्थनेला बसले. शब्द आले नाहीत,
टेप आली.

सकाळी बसने हडपसर, पिशवीत एक पँट.
मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं, पेनाला टोपण लावलं.
सांगितलं नसतं तर कळलंही नसतं, म्हणाल्या,
आणि पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला दिलं.
तिकडून अजून फोन नाही.
मंडळीत साक्षीला उभं राहायचं
तर शेवट गोड लागतो.
माझ्याकडे तेवढं कापड नाही.

पण गोष्ट रविवार पेठेत माझ्याआधी पोचली.
ज्यांचं कापड मी वाया घालवलं ते लुंकडशेठ
दिवस मावळायच्या आत डबा संपवत होते.
म्हणाले, परत कापा. पैसे दिवाळीनंतर.
मी लिहून द्यायला लागले, तर हातानेच थांबवलं.
आम्ही अंधारात जेवत नाही, तुम्ही रविवारी विकत नाही.
जो कुठेतरी थांबतो, त्याला उधार देता येतं.

बोहरी आळीतले मुर्तुझाभाई
ग्रोसमागे दोन बटणं जास्त टाकतात,
तुटतात म्हणून. दहा वर्षं.
गेल्या थंडीत बायकोचं ऑपरेशन होतं,
भाव करता करता अडले,
बटणांकडेच बघत म्हणाले,
ताई, तुमच्यात दुवा मागतात ना, मागा जरा.
मी तिथेच डोळे मिटले.
बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.
शेवटी मी आमेन म्हटलं, ते आमीन.
त्या एका वेलांटीवर
आम्ही दोघांनीही घासाघीस केली नाही.

लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थनेत
ऋण्यांचं एक वाक्य येतं.
घरी ते सरळ निघतं.
दुकानात, उधारीची वही समोर असली
की घशात सुई.
पिंपळे गुरवच्या क्लासवाल्याकडे अठरा हजार,
तीन वर्षं, आणि माझा नंबर ब्लॉक.
सोडून देऊ? मग पगार कुठून देऊ?
या प्रश्नावर देव गप्प बसतो,
चांगल्या व्यापाऱ्यासारखा.

मला जमतं ते एवढंच.
शनिवारी शटर ओढायच्या आधी वही उघडते,
ज्याच्याकडे येणं आहे
त्याचं एकेकाचं नाव मोठ्याने घेते,
आधी नाव, मग घरची माणसं माहीत असतील तर ती,
रक्कम सगळ्यात शेवटी.
इंदुबाई झाडू थांबवून ऐकते.
तिचा देव वेगळा, कान तेच.

परवा म्हणाली,
त्या क्लासवाल्याचं नाव तुम्ही आखूड कापता.
परत घ्या.