हाकेच्या अंतरावर

क्वार्टरच्या यादीत आमचा नंबर एक्क्याऐंशी.
बाबू म्हणाला, मॅडम, दिवाळीपर्यंत बाहेरच बघा कुठेतरी.
मग वरणगावच्या स्टँडवर, एप्रिलच्या उन्हात,
उसाचा रस पिता पिता
मी वहीचं मागचं पान उघडलं.

भटिंड्याला केलेली यादी होती तिथे :
पाणी. शाळा. दवाखाना किती लांब.
तेजपूरला खाली वाढवलेलं : साप निघतात का.
जामनगरला काहीच वाढवलं नव्हतं.
जामनगरचं राहू दे.

यांना फोन केला.
म्हणाले, तू ठरव. राहायचं तुला आहे,
माझ्या तर महिन्यातल्या वीस रात्री फॅक्टरीच्या गेटवर.
एवढं खरं बोलायची गरज नव्हती,
पण बोलले.

भुसावळचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर.
शाळा समोर, वॉशिंग मशीनला पॉइंट,
लिफ्टसुद्धा, वीज असली की.
एजंट तायडे किल्ल्या खुळखुळवत म्हणाला,
मिलिटरीवाले बरे, भाडं वेळेवर देतात
आणि जातात पण वेळेवर.
मी हसले. तेच तर आमचं काम.

मग मी जिन्यात उभी राहून जोरात हाक मारली :
गार्गीऽऽ!
गार्गी माझ्या शेजारीच. म्हणाली,
आई, मी इथेच आहे, काय करतेयस?
खालच्या मजल्यावरचं एक दार
साखळीएवढं उघडलं,
आणि मिटलं.

हायवेलगतचा बंगला पुण्याच्या कुणा इंजिनिअरचा.
संगमरवर, कमोड, कंपाउंडवर काचा,
आणि काचांपलीकडे नुसती केळी, केळी,
थेट आभाळाला टेकेपर्यंत.
तिथेही मी हाक मारली.
केळीच्या पानांनी ती घेतली आणि
परत दिली नाही.
कुठेतरी पंप चालू होता. बस, तेवढाच.

तिसरी जागा तायडेच्या यादीत नव्हतीच.
रसवाल्यानं सांगितली.
तापीकडच्या अंगाला, सात किलोमीटर आत,
द्वारकाबाई झांबरेंच्या मागच्या दोन खोल्या.
धाब्याचं छत, हातभर रुंद भिंती,
बाहेर पंचेचाळीस आणि आत
कुणी कपाळावर ओला हात ठेवावा तसं.
नळाला पाणी आठव्या दिवशी.
शाळेची बस फाट्यापर्यंतच येते.
साप? निघते ना, पन सरळ निघून जाते, म्हणाल्या.
यादीतल्या चारातल्या तिघांवर
मीच मनात फुल्या मारल्या.

तरी निघताना अंगणात थांबले.
गार्गीनं आधीच तोंड फिरवलं, लाजून.
गार्गीऽऽ!

द्वारकाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या,
परातीत कळण्याची भाकर अर्धी थापलेली सोडून.
समोरच्या ओट्यावरून एक म्हातारा उठला, काठी विसरून.
ट्रॅक्टर थांबला. दोन पोरी. कोणाची तरी म्हैसही वळली.
काय झालं व माय? काय झालं?

काही नाही, म्हणाले. पाहत होते.

जामनगरला एका रात्री, सातव्या महिन्यात,
मी अशीच हाक मारली होती.
भिंतीपलीकडे टीव्ही चालू होता.
शेजाऱ्यांनी आवाज थोडा वाढवला.
हे यांनाही नीट सांगितलेलं नाही,
द्वारकाबाईंना कुठून सांगणार?

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या.
हाताचं पीठ वाळत चाललेलं.
मंग? पाह्यलं का?
हो.
मंग जेवूनच जाय आता, पोरीले भूक लागली असंल.

रविवारी काळी ट्रंक आली.
झाकणावर पांढऱ्या रंगात खोडलेली गावं,
नव्या नावाला जागा उरली नव्हती.
यांनी ब्रश हातात धरून विचारलं, कुठे लिहू?
नको लिहू, म्हणाले,
इथे विचारलं तर कोणीही सांगेल.