खोऱ्याची खोली

मोजणीवाल्यानं टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं,
म्हणाला, धरा, भिंतीला टेकवून.
चिंचबंदर, तिसरा मजला, खोली नंबर एकतीस.
एकशे बहात्तर चौरस फूट भरली, मोरी धरून.

मी टोक धरून उभा होतो ते उंबरकोंड.
त्याला कसं सांगणार.

खिडकीकडची बाजू वरच्या अंगाची:
धनगरवाडा, मग शिरोली, मग वाघदरा.
वारा आधी त्यांना, ऊन आधी त्यांना,
जसं तिकडे तसंच इथे.
कृष्णा ढेबे माळ्यावर निजायचा, एकटाच,
त्याचं घर सड्यावर, जिथून पुढे वाट नाही.
पहाटे उतरताना त्याचा पाय कुणाला लागला
की शिव्यांवरून कळायचं तो कुठल्या वाडीत उतरलाय.

मधून नदी जायची.
म्हणजे दारापासून मोरीपर्यंत सोडलेली दीड वीत जागा,
तिच्यावर पथारी पसरायची नाही, हा गावकीचा कायदा.
अलीकडे संकपाळ, पलीकडे उतेकर,
आणि मोरीला लागून खालची तीन गावं,
आमची.

चौतीस माणसं, पाळीपाळीनं निजणारी.
चौतीस ट्रंका फळीवर, किल्ल्या करदोऱ्याला.
दाणाबंदरात दिवसभर पाठीवर गोणी,
रात्री पाठीखाली आपापलं गाव.
मी अकरा वर्षांचा, चुलत्याच्या पायथ्याशी.
शाळेत भूगोलात नापास झालो,
पण अंधारात कुणाच्या अंगावर पाय न देता
सात वाड्या ओलांडून
पाण्याच्या माठापर्यंत जाता यायचं मला.

एकदा मोरी तुंबली.
कोंडीबा शेलार पथारी पिळत म्हणाला,
एक चातुर्मास तरी मला खिडकी द्या.
बैठक बसली. गुणाबाईच्या खानावळीतून चहा आला, आठ आण्यांचा.
हैबती संकपाळानं विडी विझवली, कानामागे ठेवली:
पाणी कुणाच्या दारात जावं
ते काय आपण ठरवलंय का, कोंडीबा?
कोंडीबा गप्प बसला. मलाही ते पटलं होतं.

सहा वर्षांनी ठरवणारे आले.
पत्र मीच वाचून दाखवलं, सातवी पास म्हणून.
वाघदऱ्याच्या खाली आंब्यांवर लाल रंगानं आकडे घातलेत,
पुढच्या पावसाळ्यापर्यंत.
बदल्यात मिळायच्या जमिनीचा नकाशा होता सोबत,
त्यात एकही डोंगर नव्हता.
कोंडीबानं तो उलटा करून पाहिला, मग मागून पाहिला.

त्या रात्री दिवा मालवल्यावर
पथाऱ्या सरकल्याचा आवाज येत राहिला.
कुणी खोकलं, कुणाची ट्रंक वाजली,
बोललं कुणीच नाही.
सकाळी पाहिलं तर वरचं अंग खिडकीला चिकटून निजलेलं,
कुशीवर, एकात एक,
कृष्णा ढेब्याच्या माळ्यावर दोन उतेकर,
आणि नदीच्या वरच्या अंगाला, शिरोलीत,
कोंडीबा शेलार घोरत होता.
मोरीकडे हातभर फरशी मोकळी.

पुढे पाळ्या बदलल्या, माणसं बदलली,
हैबती गेला, विड्या गेल्या, माठ गेला, फिल्टर आला.
एवढी दाटी, पण त्या हातभर जागेत
पुन्हा कुणी पाठ टेकली नाही.
का, ते नव्या पोरांना माहीत नाही.
तीही निजत नाहीत.

मोजणीवाला वाकला, बोटानं फरशी चाचपली.
बाकी शहाबादी झिजून खळगे पडलेत, म्हणाला,
इथलीच कोरी कशी?
रिकामी दाखवू?

टेपचं टोक अजून माझ्या हातात होतं.
मी म्हटलं, नको.
वापरात आहे, लिहा.