भिंतीपलीकडचा खोकला

त्रिएस्तेत एका समुद्रकिनाऱ्यावर
मधोमध पांढरी भिंत आहे.
एका अंगाला बायका आणि लेकरं, दुसऱ्या अंगाला पुरुष.
जुना रिवाज. कुणी मोडायला गेलं की बायकाच म्हणतात,
राहू दे बाई, पोट सैल सोडून बसायला
एवढी एकच जागा उरलीय.

लिव्हियो गेला त्या उन्हाळ्यात
मी या भिंतीला पाठ टेकून बसायचे.
मांड्यांखाली गोटे रुतायचे
आणि साडेबाराच्या सुमारास पलीकडून
त्याचा खोकला यायचा.
दोन छोटे, एक लांब.
अकरा वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचा खोकला
शंभरांत ओळखू येतो. त्याला काय करणार.

भिंतीला कान असतात म्हणे.
माझ्या भिंतीला घसा होता.

नाही ऐकू आला तर डबा तसाच परत.
ऐकू आला तर वाटायचं,
सिगारेट सुटली नाही अजून,
आणि त्या नवीला मध-लिंबू सुचत नाही.
मला सुचायचं. मला फारच सुचायचं.
त्याचा खोकला मी रात्र रात्र जागवला,
माझा ताप अंगावर काढला.

नेरीना, वय बहात्तर, पाय सुजलेले,
एकदा संत्रं सोलता सोलता म्हणाली,
“निव्हेस, तू समुद्रावर येतेस की भिंतीवर?”

मला पोहता येत नव्हतं.
बंदराच्या कचेरीत वीस वर्षं
जहाजांची ये-जा लिहिणाऱ्या बाईला!
लिव्हियो म्हणायचा, “कशाला शिकतेस, मी आहे ना.”
व्याकरणात चुकत होता, एवढंच.

नेरीनानं पाठीखाली हात धरला.
सगळा सप्टेंबर नाकातोंडात पाणी.
एक दिवस तिनं हात काढून घेतला
आणि मला सांगितलंच नाही.
मी आपली आभाळाकडे बघत
कालच्या भाजीत मीठ कमी पडलं होतं, असलं काहीतरी बोलत राहिले.

भिंत पाण्यात थोडी आत जाते
आणि संपते.
पुढे नुसते दोरीत ओवलेले तरंगते गोळे.
रोज दिसत होतं. या जूनमध्ये
मी पोहत तिथवर गेले.

तीन वर्षं लिव्हियोला पाण्यात पाहिलं होतं.
त्या दिवशी खरोखरच पाण्यात पाहिला:
कानांपर्यंत ओढलेली निळी रबरी टोपी,
हनुवटी वर, म्हाताऱ्या कुत्र्यासारखे हात मारत.
हा मला वाचवणार होता.

“निव्हेस? तू पोहतेस?”
स्वयंपाकघराच्या खणात माझं भाषण आहे,
तीन खर्डे, दोन्ही बाजूंनी लिहिलेले.
त्यातलं एक वाक्य आठवेना.
“खोकला कसा आहे?” मी विचारलं.

“कुठला खोकला?
सिगारेट सोडून तीन वर्षं होतील.
आणि इथे तर मी तेव्हापासून आजच येतोय.”

मी हसले तेव्हा पोटभर समुद्र आत गेला.
तीन उन्हाळे मी
कुणा परक्याच्या छातीवर रुसून बसले होते!
त्याला वाटलं मी बुडतेय. हात पुढे केला.
“नको,” म्हटलं, “येतं मला.”
काही वेळ आम्ही तसेच तरंगत राहिलो,
तो पाणी किती गार आहे म्हणाला,
मी हो म्हटलं.
मग आपापल्या बाजूला.

गोट्यांवर येऊन केस पिळत होते
तर साडेबाराला
दोन छोटे, एक लांब.

मी भिंतीवर बोटानं ठोकलं
आणि सगळ्या बायका ऐकतील एवढ्या मोठ्यानं म्हटलं,
“अहो, कोण असाल ते, मध-लिंबू घेत चला!”

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग एक थकलेला, अनोळखी आवाज:
“घेतो, बाई.”

नेरीनानं न विचारता
अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.