चार सुंगटां

गिटारींच्या वायरी आम्ही वाळूत खुपसल्या होत्या.
दुसरं काही सुचलं नाही.
वीज बर्फाच्या कारखान्यापर्यंत, पुढे नुसती पुळण,
आणि आबा सातार्डेकर म्हणाला,
वायर लोंबताना दिसली तर लोक म्हणतील ही नाटकं.
म्हणून टोकं वाळूत, वीतभर खोल,
जणू समुद्रालाच पिन लावली.

चौऱ्याण्णव साल. वेंगुर्ल्याचं बंदर.
आबाचा कॅमेरा लग्नाचा.
पेटीवर पिवळ्या रंगात : लग्न, मुंज, बारसे.
खाली पास्कूनं खडूनं लिहिलं : आणि बँड.
कोरी कॅसेट परवडत नव्हती.
परुळ्याच्या कुणीतरी शूटिंगचे पैसे बुडवले होते,
त्यांची पंगत पुसून
तिच्यावर आम्ही वाजलो.

शकुन खवणेकर गायची.
गिटारींवर इनास लोबो आणि गुंडू गिरप.
पास्कूचे ड्रम बापानं विकले होते,
तो मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांवर काठ्या आपटायचा.
पांढरी भुकटी उडायची.
पडद्यावर ती हिमासारखी दिसते.
वेंगुर्ल्यात हिम.

मी बँडमध्ये नव्हतो. मी टेपरेकॉर्डर धरायचो.
गाणं आधीच भरलेलं, सावंतवाडीत,
शाळेच्या एका वर्गात, खिडक्यांना गाद्या लावून.
ते मी वाजवायचं, त्यांनी ओठ हलवायचे.
शकुन होडीत उभी, होडी पाण्यात,
मी छातीभर पाण्यात, टेप डोक्यावर,
आणि आबा काठावरून ओरडतोय,
"तोंड मोठा उघड गो! बांगडो गावलो काय तुका?"

दुसऱ्या कडव्याला सेल उतरले.
गाणं जडावलं, पाय ओढायला लागलं,
शकुनच्या आवाजात तिचे आजोबा बोलू लागले.
ती थांबली नाही. पोरगी प्रामाणिक,
जसं ऐकू आलं तसंच गायली,
एकेक शब्द, ओल्या जाळ्यासारखा ओढत.

रविवारी सिनेमा संपल्यावर केबलवाल्यानं ते लावलं.
सगळं बंदर बघत होतं.
गाणं पुढे, ओठ मागे.
सकाळी मासळीबाजारात कुणीतरी शकुनला म्हणालं,
"गाणा येऊन गेला बाय, मगे तू तोंड उघडलंस."
ती हसली. सुरमईचा भाव केला. घेतली नाही.

दुसऱ्या फिल्मला धूर हवा होता.
सोडणां पेटवली, वर लोबोंच्या घरचा धूप टाकला.
चौघंही खोकले, गुंडू तर तालात.
धुरात सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास शिरला
आणि गावभरची मांजरं फ्रेममध्ये येऊन बसली.
आबा म्हणाला, राहू दे, गर्दी दिसते.

तिसरी झालीच नाही.
तिच्यात दीपगृह होतं. परवानगीचा कागदही आला होता.
त्याच आठवड्यात पास्कूला जहाजावर नोकरी लागली.
कागद अजून माझ्याकडे आहे,
वर्षाच्या जागी अजून ते वर्ष.

गेल्या महिन्यात कॅसेट कुडाळला नेली.
दुकानातला मुलगा म्हणाला,
"आवाज गेला, काका. बुरशी. चित्र तेवढं निघेल."
मी स्टुलावर बसून बघितलं.

आवाज नाही म्हटल्यावर
शकुनला कुठेच उशीर होत नव्हता.

एका ठिकाणी होडीच्या कडेला पाण्यावर एक सावली आहे,
डोक्यावर चौकोनी ओझं घेतलेली.
मुलानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
त्याला सावंतवाडीची गाडी पकडायची होती.

मग चित्र फाटलं, खालून परुळ्याची पंगत वर आली.
पुसायची राहिलेली दहाएक सेकंदं.
एक माणूस पानावर आडवा हात धरून
नको, नको म्हणतोय,
आणि वाढपी बोटांच्या फटीतून
जिलबी ठेवतोच आहे.