होय नसलेली चौकट

एरवी बटणं दोन असतात.
त्या दिवशी चौकट आली तेव्हा
"नाही" ठसठशीत होतं
आणि "होय" धुतल्या पाटीवरच्या अक्षरासारखं,
दिसायचं, पण बोटाला लागायचं नाही.

दोष माझाच.
पांढरकवड्याच्या प्रशिक्षणात साहेब म्हणाले होते,
रोजच्या कामाला कमी अधिकाराचं खातं वापरा.
मी आज्ञाधारक. त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीत येऊन
प्रशासकाच्या यादीत असलेलं एकुलतं नाव, माझं,
मी माझ्या हातानं खाली उतरवलं.
चावी आत ठेवून दार ओढून घ्यावं तसं.

नवा प्रिंटर टेबलावर, थर्माकोलसकट.
त्याला आत घ्यायचं तर प्रशासकाची परवानगी.
प्रशासक कोण?
कोणीच नाही.
अख्ख्या चिचघाटात, भर एप्रिलात,
कोणीच नाही.

चार दिवस मी खिडकीतून लोकांना तेच सांगितलं
जे यंत्र मला सांगत होतं.
नमुना आठ? नाही.
जन्माचा दाखला? नाही.
सोनबाजी आत्राम दोनदा आले, टोल्यावरून पायी.
तिसऱ्यांदा म्हणाले,
"पोरी, तुही मशीन रुसली का तू?"
सचिव भोयर फोनवर: "फॉरमॅट मारून टाका."
आत अकरा वर्षांच्या नोंदी,
त्यात मेलेली माणसं,
ज्यांची घरं अजून त्यांच्याच नावावर.
पुन्हा मारू?

पाचव्या दिवशी निहाल कोवे आला,
मारेगावच्या स्टँडवर मोबाईलच्या काचा बदलतो तो.
गळ्यात काळ्या दोऱ्यात पेनड्राईव्ह, ताईतासारखा.
कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसता पंखा गरगरत होता.
त्यानं ताईत खोचला, यंत्र चालू केलं,
काहीतरी इकडचं तिकडे ठेवलं, बंद केलं, चालू केलं,
आणि कुलपाच्या पडद्यावर
शिफ्ट दाबली, पाच वेळा,
ढोली भरलेली आहे की रिकामी
ते टिचकी मारून बघावं तशी.
काळी खिडकी उघडली.

"ताई, याच्या आत एक मालक असतेच.
कंपनीतून निघतानाच बसवते त्याले.
झोपून राह्यते. कोनी उठवतच नाई."
"आणि त्याचा पासवर्ड?"
"त्याले पासवर्डच नसते."

अकरा वर्षं मी याच खुर्चीत,
आणि तो माझ्या गुडघ्यापाशी, डब्यात,
बिनकुलपाचा.

निहालनं एक ओळ टाइप केली.
शेवटी दोन टिंबं, आणि त्यापुढे
मी चष्मा पुसून वाचलं:
येस.
चौकटीतून गेलेला शब्द
इथे हातानं लिहावा लागला.

पहिलं पान निघालं ते चाचणीचं,
रंगीत पट्ट्या, कोणाच्याच नावाचं नाही.
सोनबाजींनी दाखल्यासोबत तेही मागून घेतलं,
नातीसाठी.

मग एक दुसरं खातं काढलं, अडीअडचणीला.
त्याचा पासवर्ड कुठे लिहू?
डायरी सचिव नेतात, कपाटाला वाळवी,
आणि माझ्या शहाणपणाचा भरवसा मी पाहिलाच होता.
शेवटी झाडायला येणाऱ्या यमुनाबाईला सांगितला.
ती अक्षर ओळखत नाही,
पण गावातली कोणती म्हैस कधी व्याली
ते तिला तिथीसकट पाठ.

"मोठा आर कसा बोलाचा वं, जोरात?"
मी म्हटलं, हो.
"अन् हे शेपटीवालं?"
"त्याला ॲट म्हणतात."
"ॲट," ती म्हणाली, आणि पदराला गाठ मारली.

सकाळी हातपंपावर गर्दी होती.
यमुनाबाई गुंडी भरता भरता
ओठातल्या ओठात उजळणी करत होती.
फक्त मोठा आर आला तेव्हा
पार शाळेपर्यंत ऐकू गेलं.